चर्च वाचवायचं तर आधी पन्हळ साफ करा

१९९२ ची गोष्ट. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात ग्लोरिया डेव्ही या बाई गावच्या महिला मंडळाबरोबर रानवाटांनी फिरायला गेल्या होत्या. वाटेत एका टेकाडावर त्यांना झाडोऱ्याचा भलामोठा ढीग दिसला. आयव्हीच्या वेलींनी तो असा वेढला होता की आत बांधकाम आहे हे जवळ गेल्याशिवाय कळू नये. आत चर्च होतं. छप्पर नाही, खिडक्या नाहीत, जमीन उखडलेली, आणि कुणीतरी रात्री-अपरात्री येऊन तिथे सैतानाची पूजा मांडत असल्याच्या खुणा. ग्लोरियाबाई घरी गेल्या आणि नवऱ्याला घेऊन परत आल्या.

नवरा म्हणजे बॉब डेव्ही. साठी ओलांडलेले, निवृत्त इंजिनीअर, आणि शेजारच्या नॉर्थ पिकनहॅम गावच्या चर्चचे वॉर्डन. वॉर्डनला पगार नसतो. दरवर्षी निवडून दिला जाणारा, देवळाच्या विश्वस्तासारखा तो माणूस. बॉब यांनी कोयता-फावडं उचललं आणि कामाला लागले. सैतानवाल्यांना हुसकावायला रात्री पहारे दिले. वेली कापल्या, राडारोडा उपसला, गाडी जाईल असा रस्ता केला. पुढची पंचवीसेक वर्षं हेच त्यांचं आयुष्य झालं.

चर्चचं नाव सेंट मेरीज, जागा हौटन-ऑन-द-हिल. हौटन हे गाव आता नावापुरतंच. शतकानुशतकं वस्ती आटत गेली, पहिल्या महायुद्धात झेपेलिन या फुग्यासारख्या जर्मन हवाई जहाजाने टाकलेला बॉम्ब चर्चच्या आवारात पडला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास प्रार्थना थांबली ती थांबलीच. मग १९९६ मध्ये आतल्या भिंतीवरचा गिलावा एका जागी सुटला आणि खाली रंग दिसला. तज्ज्ञ आले. त्यांनी सांगितलं की ही चित्रं साधारण १०९० च्या सुमाराची आहेत. म्हणजे नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरची पहिली पिढी. पूर्वेच्या भिंतीवर पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. शिवाय अंतिम न्यायाचा दिवस, कबरींतून उठणारे मृत, हव्वेची निर्मिती. त्रैक्याचं इतकं जुनं भित्तिचित्र इंग्लंडमध्ये दुसरं माहीत नाही.

ही हकिकत सांगताना लोक सैतानपूजकांवर आणि चित्रांवर रेंगाळतात. साहजिक आहे. पण चर्च वाचलं ते मधल्या कंटाळवाण्या कामामुळे. जुन्या वास्तूची निगा राखणारे स्वयंसेवक रोज उठून नेमकं करतात तरी काय, आणि कुठे हात आखडता घ्यायचा हे त्यांना कोण शिकवतं, ते समजून घेऊ.

सरकार कुठे आहे?

आपल्याकडे जुनी इमारत म्हटली की पुरातत्त्व खात्याची निळी पाटी डोळ्यासमोर येते. इंग्लंडमध्ये तसं नाही. चर्च ऑफ इंग्लंड हे तिथलं अधिकृत चर्च, राजा त्याचा प्रमुख. त्यामुळे देखभालीचा खर्च सरकारी तिजोरीतून होत असेल असं कुणालाही वाटेल. होत नाही. या चर्चकडे साधारण १६,००० वास्तू आहेत, त्यांतल्या १२,००० हून जास्त कायद्याने संरक्षित यादीत आहेत. देशातल्या पहिल्या श्रेणीच्या वारसा इमारतींपैकी जवळपास ४५ टक्के म्हणजे ही चर्चेस. आणि त्यांची जबाबदारी कुणावर? त्या त्या गावच्या चर्च समितीवर. समितीत शिक्षिका, शेतकरी, निवृत्त पोस्टमास्तर असे लोक, सगळे बिनपगारी.

पूर्वी याची एक वाटणी ठरलेली होती. पुढच्या भागाची, म्हणजे वेदीच्या गाभाऱ्याची दुरुस्ती पाद्रीसाहेबांनी करायची, आणि जिथे लोक बसतात त्या मोठ्या दालनाची गावाने. गावाचा वाटा पट्टी बसवून वसूल व्हायचा. १८६८ मध्ये ही पट्टी सक्तीची राहिली नाही. तेव्हापासून सगळा कारभार वर्गणीवर.

नॉरफोकची अडचण आणखी वेगळी. मध्ययुगात लोकरीच्या व्यापारामुळे हा परगणा गबर होता, त्या काळात गावोगाव चर्चेस उठली. आजही तिथे सहाशेहून जास्त मध्ययुगीन चर्चेस उभी आहेत. पैसा पुढे दुसरीकडे गेला, वस्ती शहरांकडे गेली, इमारती तिथेच राहिल्या. शंभर-दीडशे वस्तीच्या गावात चारशे माणसं बसतील एवढं चर्च, आणि रविवारी त्यात दहा-बारा डोकी, असं दृश्य तिथे सर्रास दिसतं.

म्हणून बऱ्याच गावांनी एक युक्ती काढली आहे. चर्च समितीपासून वेगळी अशी 'मित्रमंडळी' स्थापन करायची. तिचा पैसा फक्त इमारतीला. धर्मप्रचाराला, पाद्र्याच्या पगाराला एक पैसाही नाही. त्यामुळे कधीच प्रार्थनेला न जाणारा, देव न मानणारा, दुसऱ्या पंथाचा माणूसही पावती फाडतो आणि शनिवारी झाडू घेऊन येतो. त्याचे आजोबा तिथे पुरलेले असतात किंवा त्याचं लग्न तिथे लागलेलं असतं. काहींना नुसता तो मनोरा घरच्या खिडकीतून बघायची सवय असते. हौटनलाही अशी मित्रमंडळी आहे.

शत्रू नंबर एक

दगडी इमारत कशाने पडते? वय हे काही कारण नव्हे. पडते पाण्याने, आणि तेही बहुधा आपणच वाट तुंबवलेल्या पाण्याने.

१९५५ च्या एका कायद्यापासून प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी आर्किटेक्ट किंवा सर्व्हेअरकडून पाहणी होते. अहवालात मनोऱ्याच्या तड्यापासून घंटेच्या सांगाड्यापर्यंत सगळं असतं, पण पन्हळ तुंबल्याची नोंद नाही असा अहवाल विरळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं गळतात. त्यात छपरावरचं शेवाळ आणि कबुतरांची विष्ठा मिसळते आणि पन्हळीत घट्ट लगदा तयार होतो. मग पाणी पन्हळीतून न जाता मागे, भिंतीकडे ओसंडतं. उभे बिडाचे पाइप तर आणखी लबाड. ते भिंतीला इतके चिकटून असतात की रंगवताना मागच्या बाजूला ब्रश पोचत नाही. तिथेच गंज धरतो, तिथेच चीर पडते, आणि समोरून पाइप अगदी ठणठणीत दिसतो.

आता हे पाणी वर्षानुवर्षं भिंतीच्या एकाच जागी मुरतं. मध्ययुगीन भिंत सलग दगडाची नसते. बाहेर एक थर, आत एक थर, आणि मधे दगडगोटे व चुना यांचा भराव. मधला चुना धुपला की भराव खाली बसतो आणि भिंतीला पोट येतं. दुसरीकडे छपराच्या ओक लाकडाच्या तुळया ज्या टोकांवर टेकलेल्या असतात ती टोकं भिंतीत गाडलेली. भिंत ओली म्हणजे टोक ओलं. मऊ पडलेल्या ओकमध्ये लाकूड पोखरणारा किडा आरामात घर करतो. खालून पाहणाऱ्याला आठ-दहा वर्षांनी ऑर्गनच्या वर एक तपकिरी डाग दिसतो, आणि तोवर तुळईचं टोक हाताने कुस्करता येईल असं झालेलं असतं.

पन्हळ साफ करायला एक दुपार लागते. तुळई बदलायला परांची बांधणं, सुतार, आर्किटेक्ट, मंजुरी आणि दोन-तीन वर्षांची वर्गणी.

म्हणून नव्या स्वयंसेवकाला पहिला धडा असा: धो-धो पाऊस लागला की छत्री घेऊन चर्चभोवती एक फेरी मार. कोरड्या दिवशी काहीच कळत नाही. पावसात सगळं बोलतं. पागोळ्या कुठे भलतीकडे पडताहेत, पाइपच्या सांध्यातून फवारा कुठे उडतोय, जमिनीवर पाणी भिंतीकडे वाहतंय की लांब, हे दिसतं. मग पाऊस थांबल्यावर पुन्हा बघायचं. बाकी भिंत वाळली तरी एक उभा पट्टा ओला राहिलाय का, हिरवी रेघ उमटली आहे का, सांध्यातून नेचा उगवलाय का. नेच्याचं रोपटं दिसलं की समजावं, मागे कायमचं पाणी आहे. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने स्थापन केलेली प्राचीन इमारतींच्या संरक्षणाची संस्था या कामासाठी नोव्हेंबरात खास आठवडा पाळते आणि त्यात एक दिवस चक्क पन्हळींचा असतो. दिन-सप्ताहांचा मला एरवी वैताग येतो. या दिनाला मात्र माझं पूर्ण अनुमोदन.

चुना लावायचा, सिमेंट नाही

नॉरफोकच्या जमिनीत बांधकामाचा चांगला दगड नाही. आहे तो फ्लिंट, म्हणजे चकमकीचा दगड: काचेसारखा कठीण, वेडावाकडा, मुठीएवढा. तो पाणी पीत नाही, एकमेकांत नीट बसत नाही. त्यामुळे भिंतीचं सगळं बळ मधल्या चुन्यात.

चुन्याचं रसायन सोपं आहे. चुनखडी सुमारे ९०० अंशांना भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो खदखदतो, फुटतो, आणि लोण्यासारखा मऊ होतो. वाळूत मिसळून तो भिंतीत भरला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. हळूहळू म्हणजे खरंच हळू, महिने लागतात. घट्ट झाल्यावरही त्यात बारीक छिद्रं राहतात, त्यांतून भिंतीतली ओल बाहेर पडते. शिवाय चुना थोडा लवचीक असतो. इमारत किंचित हलली तर तो बारीक बारीक भेगा घेतो, आणि पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना त्यातल्या बारक्या भेगा पुन्हा भरूनही काढतो.

विसाव्या शतकात सिमेंट सर्रास झालं आणि ते स्वस्त, झटपट, टणक असल्यामुळे सगळ्यांनी ते जुन्या भिंतींवर थापलं. मे महिन्यातल्या मुंबईत अंगात रेनकोट घालून फिरावं तशी भिंतीची गत झाली. बाहेरचं पाणी अडलं, पण कुठून तरी आत गेलेलं बाहेर येईना. मऊ दगड असेल तिथे ओल दगडातूनच वाट काढते, क्षार पृष्ठभागावर आणते, थंडीत गोठून फुगते, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी सिमेंटचे सांधे जाळीसारखे पुढे आलेले आणि मधला दगड मागे झिजलेला असं उलटं चित्र दिसतं.

सांधे भरणं हे काम स्वयंसेवक शिकून, देखरेखीखाली करू शकतात. मऊ झालेला जुना चुना छिन्नीने खरवडायचा, सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोलीपर्यंत. यंत्राची करवत वापरायची नाही, ती दगडाच्या कडा खाते. ब्रशने धूळ काढून पाणी शिंपडायचं, नाहीतर कोरडी भिंत नव्या चुन्यातलं पाणी क्षणात पिऊन टाकते आणि चुन्याची माती होते. एक भाग चुना, तीन भाग टोकेरी कणांची वाळू. मिश्रण शक्य तितकं घट्ट. ते मागपर्यंत दाबून भरायचं. मग थांबायचं. अंगठ्याने दाबल्यावर खूण उमटत नाही पण नखाने उमटते, एवढं आवळलं की ताठ केसांच्या ब्रशने सांधा ठोकायचा. त्याने चुना आत बसतो आणि वाळूचे कण वर येऊन पृष्ठभाग खरबरीत राहतो. गुळगुळीत नको, कारण खरबरीत पृष्ठभागातून ओल लवकर उडते. शेवटी ओलं गोणपाट टांगायचं आणि काही दिवस ते ओलंच ठेवायचं. दंव पडायला लागलं की हे काम बंद. त्यामुळे इंग्लंडमध्ये चुन्याचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. चुना डोळ्यात जाणं ही थट्टा नाही.

चुना अंगावरून काढून टाकला तर काय होतं हे बघायला इंग्लंडला जायची गरज नाही. जुन्या गोव्यातलं बॉम जेझस बॅसिलिका १६०५ चं. जांभ्या दगडाचं, वर चुन्याचा गिलावा, आणि तो पावसाळ्यानंतर पुन्हा पांढरा करायचा. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्टाझार कास्त्रो यांना वाटलं, उघडा दगड जास्त प्राचीन दिसेल. गिलावा काढला. पर्यटकांना तो लाल-काळा जांभा फार आवडतो, फोटोही छान येतात. जांभा मात्र तेव्हापासून पावसात झिजतो आहे.

उपटू नका, पुसू नका

हौटनच्या भिंतींवर वेल होती. हौशी माणसाचा हात सगळ्यात आधी तिच्याकडे जातो, आणि नुकसान तिथेच होतं. धड भिंतीवर आयव्ही फक्त वरवर चिकटते. पण सांधे सैल असतील तर मुळं आत शिरतात, जाड होतात, दगड सरकवतात. आणि मग तीच मुळं सैल दगडांना धरूनही ठेवतात. वेल ओढली की दगड हातात. म्हणून बुंधा जमिनीजवळ कापायचा आणि वेल जागेवर सुकू द्यायची. सुकल्यावर थोडी थोडी, छाटणीच्या कात्रीने, वरून खाली. जिथे मूळ भिंतीत आहे तिथे ते कापून तसंच सोडायचं आणि गवंड्याला दाखवायचं.

भित्तिचित्रांच्या बाबतीत हा संयम शंभरपट लागतो. ती इतकी वर्षं टिकली कशी, हे आधी बघा. १५४७ नंतर, सहाव्या एडवर्डच्या राज्यात, चर्चमधली चित्रं म्हणजे मूर्तिपूजा असा हुकूम निघाला आणि देशभर भिंती चुन्याने पांढऱ्या करण्यात आल्या. चित्रं पुसायला निघालेल्यांनी ती चुन्याच्या पांघरुणाखाली जपून ठेवली. हौटनला तर थरावर थर आहेत. अकराव्या शतकातल्या चित्रांवर नंतरच्या काळांतली सजावट. सगळ्यात खालचं बघायचं तर वरचं काढावं लागतं, आणि वरचंही जुनंच. किती काढायचं, कुठे थांबायचं हा निर्णय तज्ज्ञ महिनोन्महिने घासाघीस करून घेतात. १९९६ मध्ये रंग दिसल्यावर तिथल्या लोकांनी चाकू घेऊन पुढचा गिलावा खरवडला नाही, जाणकारांना बोलावलं. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत शहाणपणाचा क्षण तोच.

जाणकारही चुकतात, हेही सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या कित्येक भित्तिचित्रांवर रक्षणासाठी मेणाचा लेप दिला गेला. रंग तात्पुरते खुलले. पण मेणामागे ओल अडकली, क्षार साचले, वर धूळ बसून लेप काळवंडला. पुढच्या पिढीतल्या तज्ज्ञांचा निम्मा वेळ ते मेण काढण्यात गेला. त्यानंतर या क्षेत्रात एक नियम पक्का झाला: जे केलं ते पुढे कुणाला सोडवता आलं पाहिजे.

मग चित्रांसाठी स्वयंसेवकाने करायचं काय? पुष्कळ आहे. ठरलेल्या जागी उभं राहून दर काही महिन्यांनी तोच फोटो काढायचा. खाली रंगाची टिकली पडलेली दिसली तर केर समजून झाडायची नाही. कागदाच्या पाकिटात ठेवून कुठे सापडली ते लिहायचं. भिंतीला लोणा चढलाय का बघायचं, ओल्या फडक्याने पुसायचं नाही. तापमान आणि आर्द्रतेच्या नोंदी ठेवायच्या. एक गोष्ट तर सहजबुद्धीच्या अगदी विरुद्ध आहे. वसंत ऋतूत पहिला उबदार, दमट दिवस आला की आपल्याला वाटतं, दारं-खिडक्या सताड उघडून चर्च वाळवावं. नेमकं तेव्हा दार लावून घ्यायचं असतं. हिवाळाभर गारठलेल्या जाड भिंतींवर बाहेरची दमट हवा लागली की त्यांना घाम फुटतो आणि पाणी थेट चित्रांवर जमतं.

परवानगीचं प्रकरण

हे सगळं वाचून कुणी चुन्याची बादली घेऊन निघाला तर त्याला आधी कागद लागेल. चर्च ऑफ इंग्लंडची स्वतःची परवाना पद्धत आहे आणि ती सरकारी यंत्रणेला समांतर चालते. पन्हळ साफ करणं यासारखी कामं विनापरवाना. थोडी मोठी कामं आर्चडीकन या अधिकाऱ्याच्या लेखी होकाराने. त्यापलीकडे काहीही करायचं, म्हणजे बाक हलवायचे, फरशी उचलायची, तर धर्मप्रांताच्या न्यायाधीशाची रीतसर मंजुरी हवी. तो खरोखरचा कायदेपंडित असतो, त्याचं न्यायालयही असतं, आणि त्याला सल्ला द्यायला इतिहास व वास्तुशास्त्र जाणणाऱ्यांची समिती. गावचे लोक या कागदपत्रांच्या नावाने बोटं मोडतात. त्यांचंही बरोबर आहे. पण चर्चच्या फरशीखाली पुरलेली माणसं असतात, भिंतीत काय असेल त्याचा नेम नसतो, आणि हौसेने केलेलं नुकसान भरून निघत नाही.

मॉरिसने ती संस्था काढली तीही याच हौसेविरुद्ध. त्याच्या काळात पाद्री आणि आर्किटेक्ट मिळून चर्चेस 'मूळ रूपात' आणायचे, म्हणजे मधल्या चार-पाचशे वर्षांचं सगळं खरवडून कल्पनेतलं तेरावं शतक उभं करायचे. त्याचं म्हणणं साधं होतं: रोजची निगा राखा, गळकं छप्पर शिवा, कलती भिंत टेकू देऊन सावरा, बस्स. हौटनला हे लगेच पटतं. तिथल्या कमानीत कुठल्याशा रोमन इमारतीच्या जुन्या विटा पुन्हा वापरल्या आहेत. भिंतीत बुजवलेल्या कमानी दिसतात, कारण एके काळी बाजूला आणखी एक दालन होतं. मनोरा नंतरच्या शतकांतला, गाभारा मागाहून आखूड केलेला. आता 'मूळ रूप' कुठल्या सालचं धरायचं?

कायद्याचा दुसरा फास वटवाघळांचा. इंग्लंडमध्ये ती संरक्षित आहेत आणि जुन्या चर्चची छपरं त्यांना फार मानवतात. त्यांच्या मुताने पितळी पट्ट्या, लाकूड, चित्रं सगळं खराब होतं, पण त्यांना हाकलणं गुन्हा आहे. तेव्हा त्यांच्या हंगामात बाकांवर चादरी टाकायच्या आणि रविवारच्या आधी शनिवारी झाडून घ्यायचं, एवढंच हाती. छपरावरच्या शिशाची चोरी ही तिसरी डोकेदुखी. भंगारात शिसं महाग जातं, चर्च एकाकी असतं, आणि चोरी झाल्याचं बहुधा पुढचा पाऊस आल्यावर कळतं. २०१२ मध्ये भंगाराच्या रोख व्यवहारावर बंदी आली आणि २०१३ च्या भंगार विक्रेत्यांच्या कायद्याने ती कायम केली, तिचं हे एक मोठं कारण.

पैसा आणि माणसं

पैशात एक ग्यानबाची मेख आहे. इंग्लंडमध्ये नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य. नऊशे वर्षांच्या भिंतीची दुरुस्ती केली तर वीस टक्के. याची भरपाई म्हणून २००१ पासून सरकार संरक्षित प्रार्थनास्थळांना हा कर परत देत आलं, पण एप्रिल २०२५ पासून त्यावर एका जागेला वर्षाला २५,००० पौंडांची मर्यादा बसली, आणि ती योजनाही मार्च २०२६ पर्यंतचीच होती. छपराच्या एका मोठ्या कामाचा कर याहून कितीतरी जास्त होतो. बाकी मग लॉटरीच्या उत्पन्नातून चालणारा वारसा निधी, त्याचे लांबलचक अर्ज, आणि गावची कल्पकता: केक विकणं, मैफली, आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सायकलवरून किंवा पायी जितकी चर्चेस गाठाल तितके पैसे नातेवाइकांकडून वसूल करणं. वारीला चाललेल्या माणसाकडून गावकरी पैसे घेत नाहीत. इथे चालणाराच घरच्यांकडून घेतो.

पण खरी चणचण माणसांची. शिडीवर चढणारे बहुतेक सत्तरीचे आहेत. शिडीवर न चढताही करण्यासारखं पुष्कळ असतं. बॉब डेव्ही रोज दुपारी हौटनचं दार उघडून बसायचे आणि आलेल्या प्रत्येकाला तीच हकिकत पहिल्यांदाच सांगतोय अशा उत्साहाने सांगायचे. उघडं, वावर असलेलं चर्च कुलूपबंद चर्चपेक्षा सुरक्षित राहतं. गळती कुणाच्या तरी नजरेला लगेच पडते. २०२१ मध्ये बॉब गेले. वास्तूसाठी काउंटी कौन्सिलही पुढे आली होती आणि मित्रमंडळी काम बघते, त्यामुळे तिथे खंड पडला नाही.

सगळ्या गावांचं असं जमत नाही. समितीत माणसंच उरली नाहीत की चर्च अधिकृतपणे बंद जाहीर होतं. मग तीन वाटा: विकून त्याचं घर किंवा सभागृह करणं, पडू देणं, किंवा एखाद्या संस्थेने ते पदरात घेणं. १९६९ मध्ये यासाठी स्थापन झालेला निधी आज चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट म्हणून साडेतीनशेहून जास्त चर्चेस सांभाळतो. त्याच्याही आधी, १९५७ मध्ये, आयव्हर बुल्मर-थॉमस या माजी खासदाराने 'फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस' ही संस्था काढली, ज्यांना कुणी नाही अशा चर्चेससाठी. तिच्याकडे इंग्लंड आणि वेल्समधली साठाहून जास्त आहेत. मालकी संस्थेची, छपराचा मोठा खर्च संस्थेचा. पण लंडनहून किंवा कार्डिफहून दर पावसाला कुणी छत्री घेऊन येऊ शकत नाही. म्हणून अशा चर्चसाठीही गावातला एक माणूस शोधावा लागतो, जो किल्ली ठेवेल, आठवड्यातून एकदा आत डोकावेल आणि पाणी दिसलं तर फोन करेल.